"ग्राउंड फ्लोअरला एन्ट्री मिळतेय" असं फाउंडर म्हणाला की नेमकं काय तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २९, पुण्यातल्या एका मोठ्या आयटी कंपनीत २२ लाखांचं पॅकेज, आणि कॉलेजच्या एका सीनियरने स्वतःची कंपनी काढलीय तिथे दहावी-अकरावी व्यक्ती म्हणून बोलावणं आलंय. पगार १५ लाख, वर ०.५ टक्के ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या भावात विकत घ्यायचा कर्मचाऱ्याचा हक्क, त्यालाच ऑप्शन म्हणतात), चार वर्षांत व्हेस्ट होणार, म्हणजे टप्प्याटप्प्याने पक्का होणार. सीनियर म्हणाला "यू आर गेटिंग इन ऑन द ग्राउंड फ्लोअर", आणि विचारणाऱ्या मॅडमना कळत नाहीये की ह्याचा नक्की अर्थ काय घ्यायचा आणि जावं की नाही.

मी कंपनी सेक्रेटरी आहे. स्टार्टअप्सच्या ईसॉप स्कीम लिहिणं, कॅप टेबल (कोणाकडे किती शेअर आहेत त्याचा तक्ता) सांभाळणं, फंडिंग राउंडचे, म्हणजे इन्व्हेस्टरकडून पैसे घेतानाचे, कागद तयार करणं हेच काम बरीच वर्षं करतेय. हे वाक्य देणाऱ्याकडून आणि घेणाऱ्याकडून, दोन्ही बाजूंनी खूप ऐकलंय. त्यामुळे सविस्तर लिहिते, लांबेल, पण वर्षाला सात लाख सोडायचा प्रश्न आहे तर शांतपणे वाचा.

आधी अर्थ. आज इंग्रजीत हे सरसकट "नवीन धंद्यात अगदी सुरुवातीला शिरणं" अशा अर्थाने वापरतात. पण मूळचं हे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन शेअर बाजाराचं बोलणं आहे. कंपनीचे शेअर बाहेरच्या लोकांना विकायला काढायच्या आधी प्रवर्तक आपल्या जवळच्या चार माणसांना स्वतःच्याच भावात, स्वतःच्याच अटींवर आत घ्यायचे, त्याला ग्राउंड फ्लोअरवर घेणं म्हणायचे. म्हणजे सगळी गंमत भावात आणि अटींत होती. तुमच्या बाबतीतही मी हेच बघेन. कितव्या नंबरच्या एम्प्लॉयी आहात हे नंतर, आधी तुम्हाला कंपनीतला हिस्सा कुठल्या भावात पडतोय आणि तो हिस्सा तुमच्याकडे टिकणार आहे का, हे बघू.

भाव काढायची एक सोपी रीत आहे आणि ती जवळजवळ कोणीच करत नाही. पगार २२ वरून १५ वर आला की टॅक्स वजा जाता हातात येणाऱ्या पैशात वर्षाला साधारण साडेपाच लाखांचा फरक पडतो. चार वर्षांत २२ लाख. हे २२ लाख तुम्ही त्या कंपनीत घालताय, चेक फाडून नाही तर पगार न घेऊन, पण घालताय हे नक्की. त्याच्या बदल्यात ०.५ टक्के. म्हणजे १०० टक्क्यांची किंमत तुमच्या हिशोबाने झाली ४४ कोटी. आता विचारा की मागच्या राउंडला इन्व्हेस्टरने कंपनीची किंमत किती धरली होती. समजा उत्तर आलं २५ कोटी, तर मग तुम्ही इन्व्हेस्टरपेक्षा महाग दराने आत जाताय, शिवाय इन्व्हेस्टरला पैसे दिल्याबरोबर शेअर मिळाले आणि तुम्हाला चार वर्षं राबल्यावर शेअर विकत घ्यायचा नुसता हक्क मिळणार. ह्याला ग्राउंड फ्लोअर म्हणत नाहीत. हेच उत्तर १०० कोटी आलं असतं तर गोष्ट वेगळी, मग सीनियर खरंच स्वस्तात आत घेतोय.

ह्या आकड्यावरून भांडू नका, फक्त तो फाउंडरसमोर ठेवा. चांगला फाउंडर दोन मिनिटांत समजतो आणि एकतर टक्का वाढवतो नाहीतर पगार. मी अशा चर्चांना बसलेली आहे, ०.५ चं ०.९ होताना बघितलंय, आणि त्यात कोणाचं नातं बिघडलेलं नाही.

आता ०.५ टक्के म्हणजे कशाचे ०.५ टक्के? हा प्रश्न विचारायला लोक लाजतात. ऑफर लेटरमध्ये कधी "१०,००० ऑप्शन्स" एवढंच लिहिलेलं असतं, आणि १०,००० हा आकडा ऐकायला भारी वाटतो, पण कंपनीचे एकूण शेअर १० लाख असतील तर तो एक टक्का झाला आणि १० कोटी असतील तर ०.०१ टक्का. म्हणून फुल्ली डायल्यूटेड आकडा मागायचा, म्हणजे आज वाटलेले शेअर, इन्व्हेस्टरचे प्रेफरन्स शेअर बदलून होणारे इक्विटी शेअर, अख्खा ईसॉप पूल (कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेले शेअर), कन्व्हर्टिबल नोट (पुढे शेअरमध्ये बदलणारं कर्ज) वगैरे सगळं धरून एकूण किती. फाउंडर हा आकडा देत नसेल तर मी त्या ईसॉपची किंमत शून्य धरते आणि फक्त पगार आणि कामाकडे बघून निर्णय घ्या म्हणते.

आणि तो टक्का तसाच राहणार नाही. प्रत्येक राउंडला नवीन शेअर निघतात, सगळ्यांचा हिस्सा पातळ होतो. दर राउंडला २० टक्के नवीन इन्व्हेस्टरला गेले असं धरलं तर तीन राउंडनंतर ०.५ चा साधारण ०.२५ उरतो. हे वाईट नाही, कंपनी मोठी होत असेल तर ०.२५ ची किंमत आधीच्या ०.५ पेक्षा कितीतरी जास्त असते. फक्त डोक्यात हिशोब करताना "कंपनी हजार कोटींची झाली तर माझे पाच कोटी" असा करू नका, अडीच कोटी धरा, आणि तेही पुढची गोष्ट लक्षात घेऊन.

पुढची गोष्ट म्हणजे लिक्विडेशन प्रेफरन्स, आणि इथे मला जरा थांबायचंय कारण खरा फरक इथे आहे. भारतात व्हीसी, म्हणजे व्हेंचर कॅपिटलवाले इन्व्हेस्टर, पैसे घालतात ते बहुतेक वेळा सीसीपीएस मध्ये, म्हणजे सक्तीने इक्विटीत बदलणारे प्रेफरन्स शेअर. त्यांच्या करारात लिहिलेलं असतं की कंपनी विकली गेली तर आधी आमचे पैसे परत, मग उरलेलं बाकीच्यांना. धरा की इन्व्हेस्टरनी १०० कोटी घातलेत, त्यांच्याकडे ४० टक्के आहेत, तुमच्याकडे ०.२५ टक्के, आणि कंपनी १२० कोटींना विकली गेली. पेपरात बातमी येईल "१२० कोटींचा सौदा", तुम्ही म्हणाल माझे ३० लाख. पण इन्व्हेस्टर ४० टक्क्यांचे ४८ कोटी का घेईल, तो प्रेफरन्सचे १०० कोटी घेणार. उरले २० कोटी, ते उरलेल्या ६० टक्केवाल्यांत वाटायचे, त्यात तुमच्या वाट्याला येतात आठ लाखांच्या आसपास. आणि त्यातून एक्सरसाइज प्राइस (शेअर घेताना भरायची ठरलेली किंमत) आणि टॅक्स जायचाय.

हे काल्पनिक गणित आहे, पण खऱ्या आयुष्यात ह्याहून वाईट झालंय. अमेरिकेत फॅनड्युएल नावाची फँटसी स्पोर्ट्स कंपनी २०१८ ला पॅडी पॉवर बेटफेअर ह्या बेटिंग कंपनीच्या अमेरिकन धंद्यात विलीन झाली, त्यात फॅनड्युएलची किंमत ४६.५ कोटी डॉलर धरली होती. प्रेफरन्सवाल्यांचा पहिला हक्क होता साधारण ५५.९ कोटी डॉलरचा. म्हणजे वरच्यांचंच भागलं नाही, तर खाली काही आलंच नाही. ज्यांनी कंपनी उभी केली त्या फाउंडर्सना आणि साधे शेअर असलेल्या कर्मचाऱ्यांना त्या सौद्यातून शून्य. अगदी पहिल्या दिवसापासूनची माणसं होती ती. ह्यापेक्षा लवकर काय येणार कोणी?

म्हणून विचारा: आतापर्यंत किती पैसे उभे केलेत, आणि प्रेफरन्स घातलेल्या पैशाच्या एकपट आहे की जास्त, आणि पार्टिसिपेटिंग आहे का. पार्टिसिपेटिंग म्हणजे आधी आपले पैसे घेऊन परत उरलेल्यातही हिस्सा मागणारे. सुरुवातीच्या कंपनीत हे आकडे लहान असतात, तुमच्या सीनियरने पाच-सात कोटीच उभे केले असतील तर फार घाबरायचं कारण नाही.

आता इन्फोसिसची गोष्ट, कारण पुण्यात हा विषय निघाला की कोणीतरी ती काढतंच. कंपनी १९८१ ला पुण्यातच सुरू झाली, सात जण, आणि सुधा मूर्तींनी दिलेले १०,००० रुपये. ते खरं ग्राउंड फ्लोअर, बरोबर. पण कर्मचाऱ्यांमधले जे शेकड्याने करोडपती झाले ते बहुतेक १९९४ ला सुरू केलेल्या ईसॉपमुळे झाले, म्हणजे कंपनी काढल्यानंतर तेरा वर्षांनी. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, १९९३ ला, कंपनी ९५ रुपयाने आयपीओ आणून लिस्ट झालेली होती. तेव्हा त्या कर्मचाऱ्यांना विकायला बाजार होता, रोज भाव दिसत होता, हातातला कागद पैशात बदलता येत होता. उशिरा येऊनही त्यांचं भलं झालं कारण भाव चांगला होता आणि कागद चांगला होता. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, लोक "१९८१" लक्षात ठेवतात आणि "लिस्टेड" विसरतात.

फ्रेशवर्क्स ह्या सॉफ्टवेअर कंपनीचंही बघा. २०१० ला चेन्नईत सुरू झाली, सप्टेंबर २०२१ ला नॅसडॅकवर ३६ डॉलरने आली आणि पहिल्याच दिवशी ४७ च्या वर बंद झाली. भारतातले ५०० च्या वर कर्मचारी करोडपती झाले, त्यातले ७० एक जण तिशीच्या आतले, असं फाउंडर गिरीश मातृभूतम यांनी तेव्हा सांगितलं होतं. फार आनंदाची गोष्ट आहे, आणि ज्या फाउंडरने इतक्या लोकांना हिस्सा दिला त्याचं कौतुकच करायला हवं. पण तोच शेअर २०२२ मध्ये २० डॉलरच्या खाली होता. ज्याने सगळा ठेवला त्याचा हिशोब वेगळा, ज्याने थोडा विकला त्याचा वेगळा. आणि दुसऱ्या टोकाला बायजूज, २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर व्हॅल्युएशन आणि जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत. अशा वेळी कायद्याने रांग ठरलेली असते, आधी बँका आणि इतर कर्ज देणारे, कामगारांची देणी, आणि इक्विटी शेअरवाले अगदी शेवटी. ईसॉपवाला तर तिथे पोचतही नाही जर त्याने ऑप्शन वापरून शेअर घेतलेच नसतील.

टॅक्स. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात म्हणून नीट सांगते. ऑप्शन मिळाला तेव्हा टॅक्स नाही, व्हेस्ट झाला तेव्हा टॅक्स नाही. ज्या दिवशी तुम्ही एक्सरसाइज करता, म्हणजे ठरलेली किंमत भरून शेअर घेता, त्या दिवशी शेअरची बाजारभावाची किंमत वजा तुम्ही भरलेली किंमत, हा फरक पगार म्हणून धरला जातो आणि तुमच्या स्लॅबने टॅक्स लागतो. लिस्ट नसलेल्या कंपनीत ही किंमत सेबीकडे नोंद असलेला मर्चंट बँकर ठरवतो. उदाहरण घ्या, १०,००० ऑप्शन्स, एक्सरसाइज प्राइस १० रुपये, आजची किंमत ५०० रुपये. तुम्ही एक लाख भरणार आणि ४९ लाखांचं उत्पन्न तुमच्या नावावर दिसणार, ३० टक्क्यांनी पावणेपंधरा लाखांच्या आसपास टॅक्स, सेस-सरचार्ज वेगळा. हातात रोख एक रुपया आलेला नाही, शेअर विकायला गिऱ्हाईक नाही, आणि टॅक्स मात्र रोख. नंतर विकताना वाढलेल्या किमतीवर परत कॅपिटल गेन, दोन वर्षं ठेवला असेल तर १२.५ टक्क्यांनी.

२०२० च्या बजेटमध्ये ह्यात सवलत आली, ठरावीक स्टार्टअप्सच्या कर्मचाऱ्यांना हा टॅक्स साधारण पाच वर्षं पुढे ढकलता येतो, पण त्याच्या आधी शेअर विकला किंवा नोकरी सोडली तर लगेच भरायचा. आणि ही सवलत सगळ्या स्टार्टअप्सना नाही हे फाउंडरनाही बऱ्याचदा माहीत नसतं. डीपीआयआयटीची (केंद्र सरकारच्या उद्योग खात्याची) स्टार्टअप म्हणून मान्यता पुरत नाही, आंतर-मंत्रालयीन बोर्डाचं सर्टिफिकेट लागतं. मान्यता असलेले स्टार्टअप्स लाखाच्या वर आहेत, सर्टिफिकेटवाले काही हजारच. तेव्हा "आमच्याकडे टॅक्स डिफर होतो" असं कोणी म्हणालं तर ते सर्टिफिकेट दाखवा म्हणायचं, ह्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

भरलेला टॅक्स परत येत नाही हे पण लक्षात ठेवा. शेअर नंतर पडला तर तो कॅपिटल लॉस, आणि कॅपिटल लॉस पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. अमेरिकेत गुड टेक्नॉलॉजी म्हणून मोबाइल सिक्युरिटीची कंपनी होती, एकेकाळी एक अब्ज डॉलरच्या वर किंमत, २०१५ ला ब्लॅकबेरीने ती ४२.५ कोटी डॉलरला घेतली. साध्या शेअरची किंमत सौद्यात धरली गेली ४४ सेंट, आणि वर्षभरापूर्वी तीच होती ४ डॉलर ३२ सेंट. काही कर्मचाऱ्यांनी जुन्या चढ्या किमतीवर टॅक्स भरलेला होता, स्वतःच्या बचतीतून. सौद्यातून आलेले पैसे त्या टॅक्सपेक्षाही कमी. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हापासून कुठल्याही क्लायंट कंपनीच्या कर्मचाऱ्यांसमोर बोलायला उभी राहिले की मी ती सांगतेच, कारण त्या लोकांनी काही चूक केलेली नव्हती, कंपनीवर विश्वास ठेवून वेळेत एक्सरसाइज केलं होतं एवढंच.

मग एक्सरसाइज करायचंच नाही का? तर प्रश्न येतो नोकरी सोडतानाचा. बहुतेक स्कीममध्ये लिहिलेलं असतं की नोकरी सोडल्यापासून ९० दिवसांत व्हेस्ट झालेले ऑप्शन्स वापरा नाहीतर ते गेले. ही ९० दिवसांची पद्धत अमेरिकेतून आली, तिथल्या टॅक्सच्या नियमात एका प्रकारच्या ऑप्शनला तीन महिन्यांची अट आहे. आपल्याकडे असा कायदा नाही. कंपनी कायद्याच्या नियमात एवढंच आहे की राजीनामा दिला की व्हेस्ट न झालेले ऑप्शन्स संपतात, आणि व्हेस्ट झालेले स्कीममध्ये लिहिलेल्या मुदतीत वापरता येतात. मुदत किती हे कंपनीच्या हातात आहे. पाच वर्षं लिहा, दहा वर्षं लिहा, लिस्टिंगपर्यंत लिहा, चालतं. पिंटरेस्टने २०१५ ला ही मुदत सात वर्षांची केली तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली होती. मी फाउंडरना कायम सांगते की ९० दिवस ठेवून तुम्ही माणसाला दोनच पर्याय देताय, एकतर घरातले दागिने मोडून टॅक्स भर नाहीतर चार वर्षांची कमाई सोड. तुमच्या वाटाघाटीत टक्क्याच्या आधी मी ही मुदत मागेन. फाउंडरला ह्यासाठी खिशातून काही काढावं लागत नाही म्हणून मिळायची शक्यताही जास्त.

ह्याच्याच बाजूला आणखी एक कलम शोधा, कंपनीला व्हेस्ट झालेले ऑप्शन्स किंवा शेअर परत घ्यायचा हक्क आहे का, आणि कुठल्या भावाने. २०११ ला मायक्रोसॉफ्टने स्काईप ८.५ अब्ज डॉलरला घेतली तेव्हा आधी सोडून गेलेल्या काही कर्मचाऱ्यांना कळलं की त्यांचे व्हेस्ट झालेले शेअरसुद्धा मूळच्याच किमतीला परत घ्यायचा हक्क कागदात होता, आणि तो वापरला गेला. त्यांच्या हातात नफा आलाच नाही. भारतातल्या स्कीममध्येही मी "बॅड लीव्हर"ची (वाईट कारणाने सोडून जाणारा, ज्याचा हिस्सा काढून घेता येतो) व्याख्या इतकी मोठी लिहिलेली बघितलीय की साधा राजीनामा देऊन स्पर्धक कंपनीत गेलं तरी माणूस त्यात बसतो. व्याख्येत फसवणूक, गंभीर गैरवर्तन एवढंच असावं. नुसता राजीनामा त्यात असेल तर काढायला सांगा.

कंपनी कुठल्या प्रकारची आहे हे पण बघा, वेळ लागत नाही. ईसॉप फक्त कंपनीच देऊ शकते. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा साधी भागीदारी असेल तर तिथे शेअरच नसतात, मग "ईसॉप देऊ" ह्या शब्दाला काही आधार नाही. तसंच कन्सल्टंट किंवा फ्रीलान्सर म्हणून घेऊन ईसॉपचं आश्वासन दिलं तर तेही चालत नाही, नियमात पर्मनंट एम्प्लॉयी किंवा डायरेक्टर लागतो. आणि "ईसॉप कशाला, पार्टनरच हो ना" असं कोणी म्हटलं तर आणखी जपून, कारण साध्या भागीदारीत धंद्याचं कर्ज तुमच्या घरापर्यंत येतं. ॲपलच्या सुरुवातीला रोनाल्ड वेन हे तिसरे भागीदार होते, १० टक्के, एप्रिल १९७६. बारा दिवसांत त्यांनी हिस्सा परत केला आणि ८०० डॉलर घेतले. लोक त्यांना सगळ्यात कमनशिबी माणूस म्हणतात, मला ते पटत नाही. भागीदारी होती, कर्ज काढून माल घ्यायचा होता, तिघांत वसूल करण्यासारखी मालमत्ता फक्त त्यांच्याकडे होती. त्या दिवशीचे कागद बघून घेतलेला निर्णय होता तो, आणि कागदांपुरता बरोबर होता.

एक गोष्ट झटकन सांगून टाकते, कारण हेच वाक्य वापरून इतर ठिकाणीही पैसे काढले जातात. हॉटेलच्या हॉलमध्ये मीटिंग, "आत्ता आलात तर वरच्या लेव्हलला, नंतरचे सगळे तुमच्या खाली", हे जिथे ऐकाल तिथून उठा. तुमची कमाई खाली माणसं जोडण्यावर अवलंबून असेल तर तो १९७८ च्या कायद्याने बंदी असलेला मनी सर्क्युलेशनचा प्रकार आहे, आणि २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांतही पिरॅमिडला बंदी आहे. "प्री-लॉन्च रेट" म्हणून फ्लॅट विकणारे पण हीच भाषा बोलतात, तिथे महारेराचा नंबर मागा, नोंदणी लागू असलेल्या प्रोजेक्टमध्ये नंबर नसताना बुकिंग घेणं बेकायदेशीर आहे. बास, परत आपल्या विषयावर.

तुमच्या केसमध्ये मी काय करेन ते सांगते. आधी एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर जाऊन १०० रुपये भरून त्या कंपनीचे कागद उघडेन. पीएएस-३ नावाचा फॉर्म असतो, नवीन शेअर दिले की कंपनी तो भरते, त्यात किती शेअर कुठल्या भावाने दिले ते असतं, म्हणजे इन्व्हेस्टरचा भाव तुम्हाला कोणालाही न विचारता कळला. एमजीटी-७ मध्ये भांडवल आणि शेअरहोल्डिंग, एओसी-४ मध्ये ताळेबंद, त्यावरून पगार किती महिने निघू शकतील ह्याचा अंदाज येतो. मग फाउंडरशी बसेन. सीनियर आहे, दादा म्हणत असाल, तरी पैशाचं बोलणं मोकळं करा, उलट आपल्यात हेच होतं की ओळखीच्या माणसाला आकडे विचारणं उद्धटपणाचं वाटतं आणि मग तीन वर्षांनी दोघांच्याही मनात राग राहतो. एकूण शेअर, एक्सरसाइज प्राइस, सोडल्यानंतरची मुदत, कंपनी विकली गेली तर राहिलेलं व्हेस्टिंग लगेच पूर्ण धरलं जाणार का, ह्या चार गोष्टी लेखी मागेन. एक्सरसाइज प्राइस कंपनी दर्शनी किमतीएवढी, एक किंवा दहा रुपये, ठेवू शकते, कायद्यात आडकाठी नाही.

आणि २२ लाखांचा हिशोब परत स्वतःशी करेन. ईसॉप शून्य झाले असं धरून चार वर्षं १५ लाखांत घर चालतं का, आईवडिलांचं मेडिकल, होम लोनचा हप्ता, हे बसतं का. बसत असेल आणि काम शिकण्यासारखं असेल तर जा, मनापासून जा, दहा माणसांच्या कंपनीत चार वर्षांत जे शिकायला मिळतं ते मोठ्या कंपनीत दहा वर्षांत मिळत नाही हे मी माझ्या क्लायंट्सकडच्या मुलामुलींमध्ये रोज बघते. हप्त्याची ओढाताण होणार असेल तर १५ च्या ऐवजी १८ मागा आणि टक्का थोडा कमी घ्या. फाउंडर सहसा कबूल होतात.

शेवटी तारखांचं, जे ऑफर लेटर वाचताना हमखास सुटतं. ऑफर लेटरमध्ये "०.५ टक्के ईसॉप" लिहिलं म्हणजे ऑप्शन मिळाले असं नाही. आधी कंपनीच्या शेअरहोल्डरनी स्कीम मंजूर करायला लागते, मग बोर्डाने तुमच्या नावाने ग्रँट करायचा, मग ग्रँट लेटर येतं, मग एसएच-६ ह्या ऑप्शन्सच्या रजिस्टरमध्ये नोंद होते. नियमाने ग्रँट आणि पहिलं व्हेस्टिंग ह्यात किमान एक वर्ष जावंच लागतं. म्हणजे तुम्ही जूनमध्ये जॉइन झालात आणि बोर्डाने ग्रँट पुढच्या फेब्रुवारीत केला तर तुमचं वर्ष फेब्रुवारीपासून मोजणार, आधीचे आठ महिने त्यात नाहीत, आणि मधल्या काळात राउंड झाला तर एक्सरसाइज प्राइस वाढलेली असू शकते. म्हणून ऑफर लेटरमध्येच एक ओळ घालून घ्या: जॉइन झाल्यापासून ६० दिवसांत ग्रँट, एक्सरसाइज प्राइस आज ठरली तीच, आणि चार वर्षांचं वेळापत्रक जॉइनिंगच्या तारखेपासून धरलं जाईल, पहिला हप्ता ग्रँटला एक वर्ष झालं की लगेच. स्कीम अजून मंजूरच नसेल तर ती कधी होणार ती तारीखही त्यातच. हे लेटर सहीसकट हातात आल्यावरच सध्याच्या कंपनीत राजीनाम्याचा मेल टाका.